बॅकअप एक्झेक: खोक्यावरचं नाव तीनदा बदललं, २००४ ची टेप मात्र वाचता आली

मार्चअखेरीला आमच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे बॅकअप एक्झेकचं, लायसन्स रिन्यूअलचं कोटेशन परचेसकडे पाठवलं आणि तासाभरात फोन आला. "मॅडम, हे आर्क्टेरा कोण? मागच्या वेळी तर व्हेरिटास होतं. सॉफ्टवेअर बदलताय का?" मी सांगितलं, सॉफ्टवेअर तेच आहे, बनवणाऱ्या कंपनीचं नाव बदललंय. तेवढ्यानं भागणार नव्हतं. आमच्याकडे व्हेंडर मास्टरमध्ये नवं नाव घालायचं तर कारण लिहून द्यावं लागतं, आणि साहेबांचा दरवर्षीचा प्रश्न होताच, "हेच का? दुसरं स्वस्तातलं काही नाही का?" दोन्हींना मिळून एक पान लिहायला घेतलं. ते लांबत गेलं. तेच इथे नीट लिहिते आहे, कारण बॅकअपचं सॉफ्टवेअर घेताना लोक किंमत आणि फीचर्सची यादी बघतात, त्या सॉफ्टवेअरची कुंडली कोणी बघत नाही. मला वाटतं ती आधी बघावी.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टिंग कारखान्यात काम करते. २००१ मध्ये लागले तेव्हा आमच्या खात्याचं नाव ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) होतं, आणि टूलरूमची, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागाची, जुनी माणसं अजूनही ईडीपीच म्हणतात. एक सर्व्हर, पंचवीसेक पीसी, आणि सर्व्हरच्या पोटात डॅट टेपचा ड्राइव्ह. डीडीएस-४ जातीची काडेपेटीएवढी टेप, मूळ क्षमता २० जीबी. सोबत व्हेरिटासचं बॅकअप एक्झेक, आवृत्ती ८.६. तेव्हापासून आजपर्यंत, आवृत्त्या बदलत बदलत, मी हेच वापरते. म्हणजे चोवीस वर्षं.

आधी चांगलं काय ते सांगते. रोज रात्री कोणत्या फोल्डरची, कोणत्या डेटाबेसची प्रत घ्यायची हे एकदा ठरवून दिलं की हे सॉफ्टवेअर गुपचूप काम करतं आणि सकाळी मेलवर हिशेब देतं. किती फायली घेतल्या, कोणत्या उघड्या असल्यामुळे सुटल्या, किती वेळ लागला, सगळं. भोसरीत गुरुवारी सुट्टी. म्हणून आमचा पूर्ण बॅकअप बुधवारी रात्री सुरू होतो, नेटवर्क मोकळं असतं, शॉपवर कोणी नसतं. बाकीच्या रात्री फक्त बदललेलं घेतलं जातं. आठवड्याच्या टेपा वेगळ्या, महिन्याच्या वेगळ्या, ३१ मार्चची टेप कायमची. प्रत्येक टेपवर किती दिवस पुन्हा लिहायचं नाही, हे मीडिया सेटमध्ये ठरवता येतं. एकदा ३१ मार्चची टेप चुकून रोजच्या टेपांत मिसळली होती. ती ड्राइव्हमध्ये गेली तेव्हा प्रोग्रॅमनं तिच्यावर लिहायला नकार दिला आणि दुसरी टेप मागत थांबला. त्या रात्रीचा बॅकअप झाला नाही, पण वर्षाची टेप वाचली. हा नकार मला फार मोलाचा वाटतो.

मला हे शहाणपण सुरुवातीपासून होतं असं नाही. २००३ च्या पावसाळ्यात सर्व्हरच्या दोन हार्ड डिस्क एकाच दिवशी गेल्या. रेड फाइव्ह, म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र जोडलेली रचना होती, एक डिस्क गेली तर चाललं असतं, दोन गेल्यावर सगळं गेलं. मी निर्धास्त होते, टेप आहे ना. टेप लावली, रिस्टोर सुरू केला, आणि चाळीस टक्क्यांवर डेटा एरर. आदल्या आठवड्याची लावली, तीही तशीच. मग कळलं की बॅकअप झाल्यावर तो पडताळून पाहण्याची जी खूण असते, ती सेटिंग करून देणाऱ्या माणसानं वेळ वाचावा म्हणून काढून टाकली होती, आणि ड्राइव्हवर साफसफाईचा दिवा महिनाभर लुकलुकत होता. तो दिवा मी रोज बघत होते. त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. अकरा दिवसांचं काम परत करावं लागलं. टूलरूमच्या ड्राफ्ट्समन काकांनी छापील ड्रॉइंगवरून चार डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग्ज पुन्हा काढली. ते एका शब्दानं बोलले नाहीत, रोज सात वाजेपर्यंत बसायचे. मला त्यांच्या टेबलाजवळून जाताना खाली बघावं लागायचं.

त्यानंतर साहेबांनी एलटीओ-२ या मोठ्या टेपच्या जातीचा ड्राइव्ह घेऊन दिला. एका टेपवर २०० जीबी. आणि मी दोन नियम केले: पडताळणीची खूण कधीच काढायची नाही, आणि महिन्यातून एकदा कोणतीही एक टेप काढून त्यातल्या पाच फायली परत आणून उघडून बघायच्या.

आता कुंडली. हे मी गेल्या काही वर्षांत हौसेनं गोळा केलं आहे, कारण दर दोन-चार वर्षांनी सॉफ्टवेअर सुरू होताना वेगळाच लोगो दिसायला लागला की जीव धास्तावतो. आता हे बंद पडणार का, आपल्या टेपांचं काय होणार, हा पहिला विचार.

बॅकअप एक्झेकचा जन्म व्हेरिटासमध्ये झालाच नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात मेनार्ड नावाची कंपनी टेप ड्राइव्ह विकायची आणि त्यासोबत मेनस्ट्रीम नावाचं सॉफ्टवेअर द्यायची. मेनार्डला आर्काइव्ह कॉर्पोरेशननं घेतलं. आर्काइव्हला १९९३ मध्ये कॉनर पेरिफेरल्सनं घेतलं, आणि तिथे बॅकअप एक्झेक हे नाव पडलं. कॉनरनं सॉफ्टवेअरसाठी आर्केडा नावाची वेगळी कंपनी काढली. १९९६ मध्ये हार्ड डिस्कवाल्या सीगेटनं कॉनरला घेतलं, त्याबरोबर हेही सीगेट सॉफ्टवेअरमध्ये आलं. सीगेटकडून १९९९ मध्ये व्हेरिटासकडे. विंडोज एनटीपासून एक्सपीपर्यंत विंडोजसोबत जो साधा बॅकअपचा प्रोग्रॅम मिळायचा, बीकेएफ फायली करणारा, तोही याच घराण्यातला. ज्यांनी तो वापरलाय त्यांना बॅकअप एक्झेकच्या पडद्यावर ओळखीचं वाटायचं ते त्यामुळेच.

व्हेरिटासचं स्वतःचं मूळ आणखी वेगळं. ती आधी टॉलरंट सिस्टिम्स होती. एखादा भाग बिघडला तरी चालू राहणारे संगणक बनवायचे हा तिचा धंदा. संगणक काही फारसे खपले नाहीत, पण ते न थांबता चालावेत म्हणून लिहिलेलं सॉफ्टवेअर कामाचं निघालं: मध्येच वीज गेली तरी फाइल सिस्टिम सावरून घेणं, बऱ्याच डिस्कना एकत्र बांधून एकच मोठी डिस्क असल्यासारखं वापरणं. १९८९ मध्ये कंपनीनं यंत्रं बनवणं सोडलं, फक्त सॉफ्टवेअर ठेवलं आणि लॅटिनमधला सत्य या अर्थाचा शब्द नाव म्हणून घेतला. युनिक्सच्या मोठ्या सर्व्हरवर काम केलेल्यांना व्हीएक्सएफएस आणि व्हॉल्यूम मॅनेजर ही नावं पाठ असतील, ती याच कंपनीची.

मला सगळ्यात जवळची वाटते ती नेटबॅकअपची गोष्ट. हे व्हेरिटासचं मोठ्या कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर, आमच्या बॅकअप एक्झेकचा थोरला भाऊ म्हणा. त्याची सुरुवात १९८७ मध्ये एका मोटार कंपनीमुळे झाली. क्रायस्लरला आपल्या संगणकांचा बॅकअप आपोआप व्हायला हवा होता, म्हणून त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनकडून तो लिहून घेतला. आमचा सगळा जन्म गाड्यांचे भाग ओतण्यात गेला, त्यामुळे असेल, पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ड्रॉइंग हरवण्याची भीती तिकडच्या टूलरूमलाही होतीच. पुढे त्याला बॅकअपप्लस म्हणू लागले, मग ओपनव्हिजन नावाच्या कंपनीनं ते घेतलं आणि नेटबॅकअप नाव दिलं, आणि १९९७ मध्ये ओपनव्हिजन व्हेरिटासमध्ये विलीन झाली. गंमत अशी की बॅकअपप्लस हे नाव जाऊन तीस वर्षं झाली, तरी नेटबॅकअपच्या आज्ञा अजून बीपी या अक्षरांनी सुरू होतात, आणि युनिक्सवर ते अजून ओपनव्ही नावाच्या फोल्डरमध्येच बसतं. आमच्याकडेही प्रोसेसची नावं बघितली तर बी-इंजिन, बी-रिमोट, बी-सर्व्हर. मालकांनी पाट्या बदलल्या, आतल्या खोल्यांना हात लावला नाही. लावला असता तर जगभरातल्या माझ्यासारख्यांच्या स्क्रिप्ट एका रात्रीत बंद पडल्या असत्या.

डिसेंबर २००४ मध्ये सिमँटेकनं व्हेरिटास घेत असल्याचं जाहीर केलं, साडेतेरा अब्ज डॉलरचा सौदा. जुलै २००५ मध्ये तो पुरा झाला. नॉर्टन अँटिव्हायरसवाल्यांच्या हातात बॅकअप. कल्पना अशी की चोरापासून राखणं आणि हरवलेलं परत आणणं ही एकाच दुकानात मिळणारी कामं आहेत. दहा वर्षं संसार केला आणि मग दोघांचे रस्ते वेगळे झाले. जानेवारी २०१६ मध्ये व्हेरिटास कार्लाइल या गुंतवणूक गटाकडे गेली, ७.४ अब्ज डॉलरला. साडेतेरापासून ७.४ पर्यंत. हिशेबात हा मोठा खड्डा दिसतो, पण त्या दहा वर्षांत आमच्यासारख्यांना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी आल्या हेही खरं. २००६ च्या ११डी आवृत्तीत एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या अख्ख्या डेटाबेसच्या बॅकअपमधून एकच मेल परत आणता यायला लागला. २०१० मध्ये डिड्यूप्लिकेशन आलं, म्हणजे तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा साठवायचा नाही. आणि २०१२ ची आवृत्ती आली तेव्हा पडद्याची मांडणी मुळापासून बदलली आणि जॉब मॉनिटर काढून टाकला. त्यावर जगभरच्या वापरणाऱ्यांनी इतकी ओरड केली की २०१४ च्या आवृत्तीत तो परत आला. माझ्या मते कंपनीनं ऐकलं हे चांगलं केलं. रात्री काय चाललंय ते एका यादीत दिसणं ही या कामातली मूळ गरज आहे.

मग २०२४ चा बदल. कोहेसिटी नावाच्या कंपनीनं व्हेरिटासचा डेटा सुरक्षेचा धंदा घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, डिसेंबरमध्ये पूर्ण झालं. नेटबॅकअप तिकडे गेलं. बॅकअप एक्झेक, इन्फोस्केल आणि डेटा कंप्लायन्सचं काम मागे राहिलं, आणि त्या मागे राहिलेल्या कंपनीचं नाव आर्क्टेरा. परचेसच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. थोरला भाऊ दुसऱ्या घरी गेला, धाकट्याच्या घराला नवी पाटी लागली.

एवढ्या उलथापालथीत माझ्या टेपांचं काय झालं, ते सांगते.

२०२३ मध्ये आमच्या एका जुन्या कस्टमरकडून विचारणा आली. ती गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सुटे भाग द्यावेच लागतात. हाउसिंगची डाय झिजली होती, नवी करायची तर मूळ ड्रॉइंग हवं. सर्व्हरवर नव्हतं. मध्ये दोनदा सर्व्हर बदलले, दर वेळी जुनं म्हणून काहीतरी मागे टाकलं गेलं. टूलरूममध्ये छापील प्रत होती, तिच्यावर कूलंटचा डाग पडून नेमका कोअर पिनचा भाग गेलेला. मी बँकेच्या लॉकरमधून स्टीलचा डबा आणला. वर्षाच्या टेपा आम्ही तिथे ठेवतो, हवाबंद झाकणाचा पुऱ्यांचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. ३१ मार्च २००४ ची टेप काढली. लेबलवर माझंच अक्षर, तेव्हाचं, जरा गोल. खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, "व्हेरिफाय ओके".

ती टेप एलटीओ-२. आमचा आताचा ड्राइव्ह एलटीओ-६, तो फक्त दोन पिढ्या मागचं, म्हणजे एलटीओ-४ पर्यंतच वाचतो. म्हणून मी जुना एलटीओ-४ ड्राइव्ह मोडीत काढू दिला नव्हता, एसएएस केबलसकट कपाटात ठेवला होता. तो लावला. लिहिताना सॉफ्टवेअर होतं व्हेरिटासचं ९.१, वाचायला होतं आवृत्ती २२. मध्ये एकोणीस वर्षं आणि सिमँटेकचा सगळा कालखंड.

टेप आत ढकलली. ड्राइव्हनं ती ओढून घेतली तो घर्र आवाज ओळखीचा होता. इन्व्हेंटरी, म्हणजे आत कोणती टेप आहे ते ओळखायची आज्ञा, दिली. पडद्यावर टेपचं नाव आलं, मी २००४ मध्ये दिलेलं. मग कॅटलॉग. एवढ्या वर्षांपूर्वीची यादी नव्या सर्व्हरकडे असणं शक्यच नव्हतं, ती टेपवरूनच वाचून घ्यावी लागते. चहा प्यायला गेले नाही, तिथेच उभी राहिले. साधारण वीस मिनिटांनी फोल्डरांचं झाड उघडलं. सर्व्हरचं जुनं नाव, त्याखाली टूलरूम, त्याखाली कस्टमरच्या नावाचं फोल्डर, त्याखाली तीन ड्रॉइंग्ज. फायलीच्या तारखा फेब्रुवारी २००४ च्या.

रिस्टोर नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करा, मूळ जागी कधीच नाही, नाहीतर नव्या फाइलवर जुनी बसेल. तसा केला. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडलं, पण व्यासाच्या खुणांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत होती. जुना फॉन्ट नव्हता. टूलरूमचा मुलगा म्हणाला, आता काय करायचं? मी परत टेपच्या यादीत गेले. त्या वेळी मी ड्राफ्ट्समन काकांच्या पीसीवरचं फॉन्टचं फोल्डरही बॅकअपमध्ये घेतलं होतं. २००३ च्या धसक्यानं मी तेव्हा दिसेल ते घेत होते. तो फॉन्ट आणला आणि खुणा जागेवर आल्या. कोपऱ्यातल्या चौकटीत काकांच्या सहीची दोन अक्षरं. ते २०१४ मध्ये निवृत्त झाले. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. त्यांना ती कोअर पिन आठवत होती, ड्राफ्ट अँगल किती दिला होता तोही.

एक गोष्ट मात्र आली नाही. त्याच टेपवर तेव्हाच्या ईआरपीचा, म्हणजे कारखान्याच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस होता, एसक्यूएल सर्व्हर २००० चा. टेपवरून तो सुखरूप उतरला, पण आजचा एसक्यूएल सर्व्हर तो थेट उघडत नाही, मध्ये २००८ च्या पिढीची एक पायरी लागते. यात बॅकअप एक्झेकचा दोष नाही. त्यानं दिलं ते जसंच्या तसं दिलं. ज्यांना दहा-पंधरा वर्षांचं जपायचं आहे त्यांनी महत्त्वाची कोष्टकं साध्या एक्सेल किंवा टेक्स्टमध्येही टेपवर टाकावीत.

कोणी घ्यावं? ज्यांचे सर्व्हर स्वतःच्या जागेत आहेत, विंडोज आणि एसक्यूएलवर काम चालतं, टेप किंवा डिस्क हाताशी आहे आणि एक तरी माणूस सकाळचा मेल रोज वाचणारा आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. मुख्य सर्व्हर विंडोजच लागतो हे लक्षात ठेवा. नवी आवृत्ती टाकल्यावर तिच्या डेटाबेसची एन्क्रिप्शन की पहिल्या दिवशी बाहेर काढून ठेवा. आमची लॉकरमध्ये त्याच डब्यात पाकिटात आहे. ज्यांचे सगळे लोक लॅपटॉपवर, घरून काम करणारे, त्यांना क्लाउडवरचं काही जास्त सोयीचं पडेल. त्यासाठी पुण्याबाहेर बघायलाही नको. व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुण्यात होतं, आणि तिथे घडलेल्या माणसांनीच २००८ मध्ये पुण्यात द्रुवा ही क्लाउड बॅकअपची कंपनी काढली. ध्रुव ताऱ्यावरून नाव. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोतंडरामन हे तिचे संस्थापक, आणि २०१९ मध्ये ती अब्ज डॉलरच्या मोलाची कंपनी झाली. म्हणजे बाणेरच्या रस्त्यावरून जाताना आपण ज्या इमारती नुसत्या काचेच्या म्हणून बघतो, तिथे आपल्याच गावची माणसं जगाच्या फायली सांभाळायचं काम करत आली आहेत. मला त्याचा अभिमान वाटतो.

आणि काहीही घ्या, एक प्रत इमारतीच्या बाहेर ठेवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागात तळमजल्यांत पाणी शिरलं. ओळखीच्या एका ऑफिसात संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती. दोन्ही चिखलात सापडली.

परचेसला मी लिहून दिलं: नाव बदललं आहे, उत्पादन तेच, जुन्या टेपा ते वाचतं याची स्वतः खात्री केली आहे, नूतनीकरण तीन वर्षांचं करावं. साहेबांनी २००४ च्या ड्रॉइंगची गोष्ट विचारली, ऐकली आणि सही केली. येत्या गुरुवारी ३१ मार्च २०११ ची टेप लावायची आहे. या वेळी की-बोर्डवर मी बसणार नाही, खात्यातला नवा मुलगा बसेल. त्याला सांगितलंय की आधी ड्राइव्हचे दिवे बघ.